फुकटची धुलाई

द्राक्षाचा खुडा सुरू झाला की आमच्या पिंपळगावच्या शिवारात एक वाक्य दिवसातून शंभर वेळा कानावर पडतं: "मण्याला हात लावू नको गं!" घड देठाला धरायचा, कात्रीने तोडायचा आणि क्रेटमध्ये कागदावर अलगद निजवायचा. मण्यावर जो धुरकट, पांढरट मेणाचा थर असतो तो बोटाने पुसला गेला की माल हाताळलेला दिसतो, आणि भाव पाडायला व्यापाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं. माझे मावसभाऊ या थरावरून ओरडताना मी लहानपणापासून ऐकत आलोय. तेच मावसभाऊ नाशिकला गाडी सर्व्हिसिंगला देतात तेव्हा काउंटरवर किल्ली ठेवून म्हणतात, "साहेब, चांगली घासूनपुसून द्या."

घासूनपुसून! या एका शब्दापायी मी गेली अकरा वर्षं लोकांशी वाद घालतोय. "गाडीविषयी काहीतरी लिहा, जागा भरपूर आहे," असं यंदा या अंकाचे संपादक म्हणाले, ते त्यांना महागात पडणार आहे.

माझं चिंचखेड चौफुलीजवळ हार्डवेअर आणि रंगाचं दुकान. रंगाशी संबंध पोटापाण्याचा, पण तो भिंतीच्या रंगाचा. गाडीच्या रंगाचं वेड लागलं २०१४ साली, काळी गाडी घेतली तेव्हा. काळी घेऊ नको असं झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. महिन्याभरात पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला नाशिकच्या एका सर्व्हिस सेंटरात दिली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ती अशी झळाळत होती, डॅशबोर्डला पॉलिशचा तो गोडसर वास, टायर काळेभोर, की मीच त्या पोऱ्याला पन्नास रुपये बक्षीस दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या उन्हात अंगणात चहा घेत उभा होतो. बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याने विणावं तसं गोल, बारीक जाळं. साबण राहिला असेल म्हणून बोटाने पुसलं. गेलं नाही. ओल्या फडक्याने पुसलं. गेलं नाही. आमचे नाना म्हणाले, "उन्हात उभं राहून बघतोस कशाला? सावलीत बघ, काही दिसत नाही."

नानांचं बरोबर होतं, आणि त्यातच सगळी गंमत आहे. हे जाळं फक्त एकाच ठिकाणाहून येणाऱ्या प्रखर उजेडात दिसतं. ट्यूबलाइटखाली किंवा ढगाळ दिवसात लपतं. सर्व्हिस सेंटरची डिलिव्हरी संध्याकाळी शेडखाली होते, त्यामुळे ते ना देणाऱ्याला दिसतं ना घेणाऱ्याला. खात्री करायची तर घरातलं रोज घासलं जाणारं स्टीलचं ताट घ्या आणि एका बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल वर्तुळं दिसतील. आता ताट सरकवा. वर्तुळं प्रतिबिंबाबरोबर सरकतील. म्हणजे ताटावर वर्तुळं कोरलेली नाहीतच. चरे सगळ्या दिशांना सारखे पसरलेले आहेत. त्यांतले जे उजेडाच्या ठिपक्याला वेढा घालून आडवे येतात तेवढेच आपल्या डोळ्याकडे चमक फेकतात, बाकीचे अंधारात राहतात. म्हणून जिथे उजेड जाईल तिथे जाळं त्याच्याबरोबर जातं. "आमचा माणूस गोल हात फिरवत नाही, सरळच फिरवतो," असं मला एका सुपरवायझरने छातीठोकपणे सांगितलं होतं. हजार धुलायांत हजार वेगवेगळ्या दिशांनी सरळ हात फिरवला तरी दिसणार गोलच, हे त्याला समजावायला मी सोबत ताट घेऊन गेलो नव्हतो एवढंच.

बॅटरीही चालते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी आहेत. त्यांनी मला बॅटरी तिरकी धरून पत्रा वाचायला शिकवलं. सरळ उजेडात पत्रा खोटं बोलतो, असं ते म्हणत. तेव्हापासून लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर मोबाइलची बॅटरी मारत फिरण्याची मला सवय लागली आहे. सौभाग्यवती अशा वेळी ओळख दाखवत नाहीत.

आता हे चरे पडतात कशाने? प्रेशरच्या पाण्याने नाही, फेसानेही नाही. स्पंजाने. खरं तर स्पंजानेही नाही, स्पंजात जे बसलेलं असतं त्याने. हा माझा लाडका विषय आहे, तेव्हा जरा दमाने घेतो.

एकदा मी एका धुलाई शेडमध्ये दुपारभर स्टुलावर बसून राहिलो. आधी एक पिकअप आली. मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवून आलेली, चाकांच्या वर वितभर काळ्या मातीचं लिंपण. पोऱ्याने प्रेशर मारलं, फेस टाकला आणि बादलीतला पिवळा स्पंज घेऊन वरून खालपर्यंत हात फिरवला. शेवटी त्याच स्पंजाने चाकं घासली. स्पंज बादलीत गेला. मग मोतिया रंगाची नवी गाडी आली, आणि तोच स्पंज, त्याच बादलीतून. मधे एकदा तो हातातून निसटून फरशीवर पडला. पोऱ्याने उचलला, एकदा पिळला आणि पुढे चालू. मी त्याच्याकडून तो स्पंज वीस रुपयांना विकत घेतला. त्याला वाटलं काका वेडे आहेत.

घरी येऊन स्पंज पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात स्वच्छ पाण्याने पाच-सहा वेळा पिळला. पाणी आधी चॉकलेटी झालं, मग काळं. अर्धा तास निवळू दिलं आणि वरचं पाणी हलकेच ओतून टाकलं. तळाला चमचाभर गाळ उरला. चिमटीत चोळला तर बारीक रवाळ लागला, दाताखाली खडा यावा तसा. मग जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावर फिरवलं. काळी मिशी फुटल्यासारखे कण चिकटून वर आले. ब्रेक घासून पडणारी लोखंडी पूड चाकांवर बसते, ती यात होतीच. पण सगळंच ब्रेकचं म्हणणं अन्यायाचं होईल. आपला सह्याद्रीचा काळा दगडच लोहयुक्त आहे, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. नदीची वाळूही चुंबकाला थोडी चिकटते. चुंबकाला न चिकटलेली वाळूही भरपूर होती. काचेचा काठिण्यांक साधारण साडेपाच, काळ्या दगडातल्या फेल्डस्पारचा सहा, वाळूतल्या क्वार्ट्झचा सात. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर म्हणजे शेवटी प्लास्टिकच, काचेच्या आसपासही पोचत नाही. त्यावर तो चमचाभर खडा मऊसूत फेसात घोळवून फिरवायचा, याला आपण गाडी धुणं म्हणतो.

इतिहासाचा एक परिच्छेद संपादकांच्या आग्रहाखातर. मोटारी आधी घोडागाडीसारख्या वार्निशने रंगवत. सुकायला आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात विकली. १९२३ साली ड्यूपॉंट आणि जनरल मोटर्स यांनी झटपट वाळणारं ड्यूको लॅकर आणलं. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून कुठल्याही रंगाला "ड्यूको मारला" म्हणतात ते त्यावरून. पुढे इनॅमल आले, आणि १९८० च्या दशकात खाली रंग व वर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत रुळली. झाला इतिहास.

क्लिअर कोटकडे वळू. पत्र्यावर आधी फॉस्फेटचं अस्तर, मग गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेने चढवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग खरा रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉन असतो. म्हणजे तुमच्या गाडीचा सगळा साजशृंगार एका कागदाच्या जाडीचा, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, डोक्याच्या केसाहून बारीक. झळाळी तोच देतो, उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. आपण ज्या जाळ्याविषयी बोलतोय ते याच थरात पडतं. "रबिंग-पॉलिश मारू, सगळं जाईल," असं कुणी म्हणालं तर जातं, खरंच जातं. पण चरा भरून येत नाही, चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो. दर खेपेला काही मायक्रॉन कमी. पुढच्या सर्व्हिसिंगला नवे चरे, पुन्हा रबिंग. बॅलन्स न भरता एटीएममधून काढत राहण्याचा हा प्रकार.

पुन्हा रंग द्यावा म्हटलं तर कारखान्यातला रंग गॅरेजमध्ये मिळत नाही. ही जाहिरात नव्हे, भट्टीचा हिशेब आहे. कारखान्यात नुसत्या सांगाड्यावर रंग असताना तो १४० अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडीत वायर, रबर, प्लास्टिक, सीट सगळं आलेलं असतं. ती त्या तापमानात घातली तर रंगाआधी बाकी सगळं वितळेल. म्हणून डेंटिंग-पेंटिंगवाले वेगळे, ६०-७० अंशांत पक्के होणारे रंग वापरतात. काम उत्तम होतं, पण ते दुसरं काम असतं. जुनी गाडी घेणारे दलाल हल्ली खिशात जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतात. दरवाज्यावर ११० आकडा आला की माल मूळचा. २५० आला की पुन्हा रंगवलेला. आणि हजाराच्या घरात गेला की आत पुट्टी भरलीय, म्हणजे ठोकलेली गाडी. मी हे यंत्र मागवलं तेव्हा आठवडाभर घरातला फ्रीज, गोदरेज कपाट, व्याह्यांची नवी गाडी, सगळं मोजून काढलं. व्याह्यांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या मागच्या दरवाज्यावर २८० आले. ते त्यांना सांगावं की नाही या पेचात मी दोन वर्षं आहे. त्यांनी हा अंक वाचला तर कळेलच.

सर्व्हिस सेंटरात हे असं का होतं? त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. इंजिन ऑइल बदललेलं ग्राहकाला दिसत नाही, ब्रेक साफ केलेले दिसत नाहीत. दिसते ती चमक. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून फोन येतो, "सर, दहापैकी किती गुण द्याल? गाडी स्वच्छ मिळाली का?" त्या दहा गुणांवर खालच्या माणसांचा इन्सेन्टिव्ह टांगलेला. धुणारी पोरं बहुतेक कंत्राटी, दिवसाला किती गाड्या निघाल्या यावर त्यांची मापं. एका गाडीला दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर मिळाली. त्या वेळात दोन बादल्या करा, स्पंज बदला, चाकांचा ब्रश वेगळा ठेवा, हे त्यांना सांगणार कोण? मला त्या पोरांचा कधीच राग आला नाही. राग येतो तो टाय लावून "फोम वॉश आहे सर, टेन्शन घेऊ नका," म्हणणाऱ्यांचा. फोम वरून टाकतात. खाली स्पंज तोच.

म्हणून माझा उपाय साधा: धुवूच नका. साधा वाटतो खरा, पण तो अमलात आणायला मला चार सर्व्हिसिंग लागल्या. पहिल्यांदा तोंडी सांगितलं. "हो सर, नक्की," आणि गाडी चकाचक. दुसऱ्यांदा जॉब कार्डावर लिहून घेतलं, पण जॉब कार्ड असतं ॲडव्हायजरच्या टॅबमध्ये, आणि धुणाऱ्याकडे येते ती फक्त गाडी. तिसऱ्यांदा मी दुकानातल्या पुठ्ठ्यावर लाल ऑइल पेंटने मराठी आणि हिंदीत "ही गाडी धुवू नये" असं रंगवून आरशाला लटकवलं. जिंकलो असं वाटलं. संध्याकाळी गेलो तर गाडी धुतलेली नव्हती, पण लख्ख होती. विचारलं तर पोऱ्या हसून म्हणाला, "धुतली नाही काका, नुसतं कोरडं फडकं मारलं." महामार्गाची पंचवीस दिवसांची धूळ, आणि तिच्यावर कोरडं फडकं! याहून ती धुतली असती तर बरं झालं असतं. निदान पाण्याने थोडा खडा वाहून गेला असता. त्या दिवशी घरी येताना ओझरपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. चौथ्यांदा पाटीवर दुसरी ओळ आली: "फडकंही मारू नये." ही पाटी आजतागायत चालते.

दोन बारीक गोष्टी अनुभवाने कळल्या. पावसाळ्यात गाडी चिखलाने भरलेली असेल तर मेकॅनिक खालून धुतल्याशिवाय हात लावत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. तेव्हा "खालून फक्त प्रेशरचं पाणी, बॉडीला स्पंज-फडकं नाही," असं स्पष्ट लिहून द्यायचं. आणि शक्य झालं तर आदल्या दिवशी घरीच धुवून न्यायची; स्वच्छ गाडी धुवायचा उत्साह कुणाला नसतो. किल्ली देण्याआधी चारही बाजूंचे फोटो उन्हात काढून ठेवावेत, ॲडव्हायजरच्या देखत. देखत काढलेल्या फोटोचा परिणाम फोटोपेक्षा जास्त होतो.

कायद्याचं म्हणाल तर आपली बाजू वाटते तितकी लंगडी नाही. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे निक्षेप. कलम १५१ म्हणतं की सामान्य शहाणा माणूस तशाच स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य मला फार आवडतं. मी ते एका मॅनेजरला वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुमची स्वतःची गाडी इथेच धुता?" तो म्हणाला, "नाही सर, घरी धुतो." प्रकरण हाताबाहेर गेलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण जाळ्यासाठी आयोगात कोण जातो? मीही गेलो नाही.

घरची धुलाई कशी, ते विचारणारे बरेच भेटतात. ऊन चढायच्या आत, सावलीत, गार बॉनेटवर. आधी नुसत्या पाण्याने सगळा सुटा खडा वाहू द्यायचा, यात घाई नाही. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, छपरापासून सुरुवात करायची, वजन न टाकता सरळ रेषेत एक पट्टा पुसायचा, मग मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून पुन्हा शॅम्पूत. शेवटी त्या साध्या बादलीच्या तळाला जे बसतं ते बघणं हा माझा रविवारचा आनंद आहे. कपड्याची पावडर वापरू नका. तिने रंगावरचं मेण उतरतं. चाकांचं फडकं निराळ्या रंगाचं, आणि त्या रंगाबाबत घरात कडक शिस्त. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, गाडीवर वाळलं की चुन्याचे पांढरे ठिपके धरतात, म्हणून शेवटी जाडसर मायक्रोफायबर पसरून पाणी टिपून घ्यायचं, घासायचं नाही. फडक्याला शिवलेलं लेबल आधी कापा. तेही ओरखडतं.

पिंपळगावात राहणाऱ्याला आणखी काही शत्रू आहेत, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचे नाहीत. बागेच्या बांधाला गाडी लावली आणि शेजारच्या ट्रॅक्टरने बोर्डो फवारला, की मोरचूद-चुन्याचे निळसर ठिपके गाडीभर. ते वाळले की रवाळ होतात. बोटाने खरवडायचे नाहीत, भरपूर पाण्याने भिजवून सोडवायचे. दसऱ्याला सगळी गल्ली गाड्या धुते, ठीक. पण झेंडूची माळ ज्या तारेने बॉनेटला आवळतात ती तार वाऱ्याने हलत हलत दिवसभर एकाच जागी आरी चालवते. मी माळ काचेच्या वायपरला सुतळीने बांधतो, आणि कुंकवाचं स्वस्तिक नंबर प्लेटवर काढतो. आईने पहिल्या वर्षी विचारलं, "देवाला चालेल का रे?" चालत असावं.

सिरॅमिक कोटिंगविषयी चार शब्द. "नाइन-एच हार्डनेस" सांगून पंचवीस-तीस हजार मागतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी. काठिण्याच्या खनिजांच्या मापात हिरा दहा असतो, त्यामुळे हा घोळ होतो. ते नऊ पेन्सिलीचं आहे. एच, एचबी अशा शिसपेन्सिलींनी रंग ओरखडून बघायची एक चाचणी असते, त्यातली सर्वांत कडक पेन्सिल नाइन-एच. पेन्सिल झेलणारा थर वाळू झेलेलच असं नाही. कोटिंगमुळे पाणी आणि घाण लवकर सुटते, हा फायदा खरा. पण ते केलंय म्हणून पिवळ्या स्पंजाला अंग देणारे पाहिले, की मला त्या तीस हजारांची कीव येते.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंग झाली. पाटी आरशाला, फोटो मोबाइलमध्ये, जॉब कार्डावर सही. गाडी जशी दिली तशीच मिळाली, धुळीने माखलेली. गेटवरच्या वॉचमनने दोनदा पास तपासला, त्याला पटेना की ही सर्व्हिसिंगहून निघालीय. येताना यार्डात काम होतं म्हणून दहा मिनिटं थांबलो. परत आलो तर मागच्या काचेवरच्या धुळीत कुण्या पोराने बोटाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "काका, धुवा."

मी खाली वाकून बॅटरी मारली. नशीब, काचेवर लिहिलं होतं.